जुन्या विवाहनोंदी कशा वाचाव्यात?

(नाशिक रोड येथे भरलेल्या वार्षिक ज्ञातिमेळाव्यातील व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस या मेळाव्यात चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा विषय शोधीत बसावे लागले नाही. गेली काही वर्षे ज्ञातीतील घराण्यांच्या वंशावळी जुळविण्याचे काम आम्ही हौसेने करीत आहो. त्या निमित्ताने नाशिक रोड, देवळाली, सिन्नर आणि निफाड या बाजूंच्या पुष्कळ घरांतील जुन्या ट्रंका उघडून पाहण्याचा योग आला. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे या गावी आले ते रेल्वेच्या किंवा सरकारी छापखान्यांच्या नोकरीसाठी. नोटांचा छापखाना येथे १९२८ साली निघाला. त्या सुमारास खेडे सोडून जी माणसे इकडे आली, त्यांची शेती भावाकडे राहिली, देव बरोबर आले आणि देवांबरोबर पत्र्याची एक ट्रंक आली. त्या ट्रंकेत काय आहे, हे पुष्कळ घरांत आजही कोणी नीट पाहिलेले नाही.

अलीकडे ती उघडली जाते, पण बहुधा जातपडताळणीचे काम निघाले म्हणजे. तेव्हा घाई असते. जातीचा उल्लेख आणि आज्याचे नाव एवढे सापडले की बाकीचे कागद पुन्हा आत जातात. त्या बाकीच्या कागदांत लग्नाचे कागद असतात, आणि आज आम्हांस बोलावयाचे आहे ते त्यांच्याविषयी.

आम्हांस सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न असा : “आमच्या पणजोबांच्या लग्नाची सरकारी नोंद कोठे मिळेल?” याचे सरळ उत्तर असे आहे की, बहुतेक घरांच्या बाबतीत तशी नोंद कधी झालीच नाही. इंग्लंडात चर्चच्या वहीत विवाह लिहून ठेवण्याची आज्ञा १५३८ साली निघाली आणि १८३७ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली. त्यामुळे तेथील मनुष्य आपल्या दहा पिढ्यांची लग्ने वहीतून काढू शकतो. आपल्याकडेही वसईच्या व गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांना चर्चच्या वह्यांचा आधार आहे. गोव्यात पोर्तुगीजांची १८६७ ची नागरी संहिता १८७० साली लागू झाली आणि पुढे विवाहाची नागरी नोंदणीही तेथे आवश्यक ठरली. हिंदू कुटुंबांची गोष्ट निराळी होती. आपले लग्न अग्नीच्या आणि देवाब्राह्मणांच्या किंवा पंचांच्या साक्षीने लागे. साक्षीदार जिवंत माणसे असत, कागद नव्हे. १८७२ च्या कायद्याने नोंदणी-विवाहाची सोय केली खरी. परंतु त्यासाठी आपण हिंदू धर्म मानीत नाही असे आरंभी लिहून द्यावे लागे, आणि ती अट १९२३ साली काही अंशी सैल होईपर्यंत त्या वाटेस फारच थोडे लोक गेले. मुंबई राज्याने विवाह-नोंदणीचा कायदा केला तो १९५३ चा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने नोंदणीची तरतूद ठेवली, पण नोंद केली नाही म्हणून लग्न रद्द होत नाही असेही सांगितले. महाराष्ट्राचा आजचा कायदा १९९८ चा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांस विवाह-नोंदणी सक्तीची करण्यास सांगितले ते २००६ साली. तेव्हा १९५० पूर्वीच्या लग्नासाठी सरकारी रजिस्टर शोधीत फिरणे म्हणजे नसलेल्या विहिरीवर घागर नेणे होय.

खेड्यात कोतवाल बुक म्हणून जी वही प्रसिद्ध आहे, ती जन्म आणि मृत्यू यांची. सरकारदरबारी मनुष्य जन्मला आणि मेला एवढे लिहिले गेले. मधले लग्न राहून गेले.

परंतु सरकारी रजिस्टर नाही, म्हणून लग्न कोठे लिहिलेच गेले नाही, असे नव्हे. लग्नात पैका खर्च होतो, मानपान होतो, नाते जुळते, धर्मकृत्य घडते. आणि यांपैकी ज्याला ज्याची गरज, त्याने ते ते लिहून ठेवले. म्हणून लग्नाचा जुना कागद हाती आला की पहिला प्रश्न हा विचारावा : हा कोणी लिहिला आणि कशासाठी लिहिला? कागद खरा असला तरी तो लिहिणाऱ्याच्या कामापुरताच खरा असतो. त्याच्या कामापलीकडचे त्याने गाळले आहे, हे ध्यानात ठेवून वाचले म्हणजे अर्धे गैरसमज टळतात.

आता हे कागद एकेक घेऊ.

सर्वांत जुने उल्लेख दरबारी हिशेबांत सापडतात. मराठ्यांच्या अमदानीत लग्नावर ‘लग्नटका’ नावाची पट्टी असे, आणि विधवेने पाट लावला तर ‘पाटदाम’ घेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि जुन्या देशमुख-देशपांड्यांच्या घरच्या रुमालांत असे हिशेब आहेत. येथे लिहिणारा कारकून आहे. त्याला वधूच्या नावाशी कर्तव्य नाही. पैसा कोणाकडून आला, एवढे त्याला हवे. म्हणून अशा हिशेबात वधू शोधून निराश होऊ नये. त्या साली त्या गावी त्या घरात कार्य झाले, एवढे त्यावरून कळले तरी पुष्कळ.

दुसरा कागद लग्नाच्या यादीचा. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून देणेघेणे, दागिने, करणी, मानपान, कोणी कोणाचा खर्च करावयाचा, हे ठरविले की त्याची यादी होई. जुन्या याद्या मोडीत असतात. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. त्याच्या आधीच्या याद्यांत हुंड्याचे आकडे उघड लिहिलेले आढळतात, तर काही घरांत उलट मुलीच्या बापास द्यावयाचे देज लिहिलेले असते. आज ते वाचून आपणांस संकोच होईल. तरीही यादी जपून ठेवावी. कारण मुलीचे माहेरचे नाव, तिच्या बापाचे पूर्ण नाव आणि गाव ही तिघे एकत्र सापडण्याची जागा बहुधा हीच होय. मात्र यादीत लिहिले ते सर्व दिले गेले असे समजू नये. यादी हा करार आहे, पावती नव्हे.

तिसरी लग्नपत्रिका. पूर्वी ‘लग्नपत्रिका’ म्हणजे जोशीबुवांनी काढून दिलेला मुहूर्ताचा कागद. तीत तिथी, वार, नक्षत्र आणि सूर्योदयापासूनची घटका-पळे असत. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे. पुढे छापखाने वाढले आणि निमंत्रणाच्या छापील कागदास तेच नाव पडले. छापील पत्रिकेतील प्रत्येक उपपद बोलके असते. ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ आपण ओळखतो. पण निमंत्रण करणाऱ्या बाईच्या नावामागे ‘गं. भा.’ असेल, तर त्या दिवशी तिचा नवरा हयात नव्हता हे ठरले. वराच्या बापामागे ‘कै.’ असेल, तर बाप गेल्याची अलीकडची मर्यादा तुम्हांस मिळाली. ‘द्वितीय चिरंजीव’ म्हटले असेल, तर थोरल्याचा शोध घ्या. कार्यस्थळाकडेही पाहावे. मंगल कार्यालयांची चाल पडण्यापूर्वी कार्य बहुधा वधूच्या दारी होई. म्हणून पत्रिकेतील गाव हे पुष्कळदा वधूचे माहेर असते. ज्या घरांत वराकडे लग्न लावण्याची रीत होती, तेथे मात्र हा नियम उलटा पडेल.

चौथी आहेराची वही. आमच्या मते नात्यागोत्यांचा हिच्याइतका विश्वासू साक्षीदार दुसरा नाही. ही वही कोणी हौसेने लिहिलेली नसते. आलेला आहेर पुढे त्यांच्या घरच्या कार्यात परत करावयाचा असतो म्हणून ती लिहिलेली असते. म्हणून येथे चूक सहसा होत नाही. वधूच्या मामाचा आहेर कोणत्या गावाहून आला, आत्याचे यजमान कोण, व्याह्यांचे व्याही कोण, हे सर्व ओळीने सापडते. जी नावे आज घरात कोणास ओळखू येत नाहीत, तीच आधी उतरून घ्यावीत. तुटलेले धागे तेथेच असतात.

पाचवी नोंद कागदावर नाही, ती भांड्यांवर आहे. आपले नाशिक तांब्यापितळेच्या भांड्यांविषयी प्रसिद्ध. लग्नात दिलेल्या घागरीवर, परातीवर, ताटावर देणाराचे नाव, कधी घेणारीचे नाव आणि साल कोरून घेण्याची रीत घरोघर होती. स्टीलची भांडी आली तेव्हा ही जुनी भांडी मोडीत निघाली. म्हणजे वजनावर विकली गेली आणि नावे भट्टीत गेली. ज्यांच्या माळ्यावर अजून एखादी घागर असेल, त्यांनी ती चिंचेने घासून तिचा काठ वाचून पाहावा.

सहावी, आणि नाशिककरांच्या दारची म्हणावी अशी, तीर्थोपाध्यायांची वही. नाशिकच्या गोदाकाठी आणि त्र्यंबकेश्वरी उपाध्यायांच्या घरी यजमानांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत. अस्थी घेऊन रामकुंडावर येणारा मनुष्य त्या वहीत आपले गाव, बाप, आजा, भाऊ, मुलगे सांगे आणि पुष्कळ नोंदींत बरोबरची आई व कुटुंब यांचीही नावे येत. तेथे जाताना आजचा पत्ता उपयोगी नाही. मूळ गाव आणि आडनाव सांगावे लागते, कारण वह्या त्या क्रमाने लावलेल्या असतात. तसेच पितृपक्षासाठी घरच्या पुरोहिताने लिहून दिलेली नावांची यादीही पाहावी. श्राद्धात आई, आजी, पणजी आणि आईचा बाप, आजा, पणजा यांचा उच्चार करावा लागतो. महालयाच्या यादीत तर सापत्न माताही येते. आपण वंशवृक्ष काढताना ज्या बायकांना वगळतो, त्यांना धर्मकृत्याने वगळलेले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

हे झाले कागदांविषयी. आता काळाविषयी थोडे. जुन्या लग्नाची मिती शालिवाहन शकात असते आणि बहुतेक लोक शकात ७८ मिळवून इसवी सन काढतात. हे चैत्रापासून पौषापर्यंत ठीक आहे. इंग्रजी वर्ष मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास पालटते, आपले मात्र गुढीपाडव्याला. म्हणून त्यापुढे माघ आणि फाल्गुनात ७९ मिळवावे लागतात. लग्नाचे पुष्कळ मुहूर्त याच दोन महिन्यांत येत असल्यामुळे ही चूक आम्हांस घरोघर आढळली. त्याहून जुन्या कागदांत सुहूर सन असतो. तो मृगाला पालटतो, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. तो अरबी शब्दांत लिहितात. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७४. त्यात ५९९ मिळविले की त्या सालाचा आरंभ येतो, म्हणजे १७७३ चा मृग. तेथून १७७४ च्या मृगापर्यंत ते साल चालते.

मितीचा आणखी एक उपयोग आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकात तुळशीचे लग्न लागेपर्यंत आपल्याकडे लग्ने होत नसत. तेव्हा भाद्रपदाची मिती असलेला लग्नखर्चाचा कागद सापडला तर ती मिती लग्नाची नसून पैसे चुकते केल्याची आहे, असे समजावे. आणि आपण तर सिंहस्थाच्या गावचे लोक. गुरू सिंह राशीत असता विवाह करू नये हा निषेध, विशेषतः गोदावरी आणि भागीरथी यांच्यामधील प्रदेशात, कसोशीने पाळीत. १९३२, १९४४, १९५६ अशा सिंहस्थांच्या सुमारास एखाद्या घरात तीन भावंडांची लग्ने लागोपाठ उरकलेली आणि मग वर्षभर एकही नाही असे दिसले, तर त्याचे कारण दारिद्र्यात शोधू नये, पंचांगात शोधावे.

स्त्रियांच्या नावांविषयी तर स्वतंत्र व्याख्यान द्यावे लागेल. जुन्या दस्तांत पुरुषाचे नाव ‘बिन’ किंवा ‘वलद’ घालून बापाशी जोडलेले असते आणि स्त्रीचे नाव ‘कोम’, ‘मर्द’ किंवा ‘जवजे’ घालून नवऱ्याशी. ‘अमकी कोम अमका’ म्हणजे अमक्याची बायको. हे शब्द ठाऊक नसल्याने ‘कोम’ हे बापाचे नाव समजून सबंध वंशावळ चुकविलेली आम्ही पाहिली आहे. त्यातून लग्नात तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिण्याची आपली चाल. जिचे नाव बारा-चौदा वर्षे एक होते, ती एका संध्याकाळी दुसरी झाली. सासरच्या कागदांत माहेरचे नाव नाही आणि माहेरच्या कागदांत सासरचे नाव नाही. दोन्ही नावे एकाच कागदावर असा योग क्वचित. यादी, पत्रिका आणि आहेराची वही शेजारी शेजारी ठेवूनच ती बाई एक आहे की दोन आहेत, हे ठरवावे लागते.

एक आहे की दोन, हा प्रश्न कधी किती जिव्हाळ्याचा होतो, त्याची एक हकीकत सांगतो. ती आपल्या ज्ञातीतील एका घराची आहे. त्यांनी सांगण्यास अनुमती दिली आहे. नावे मात्र आम्ही घेत नाही.

या घरचे आजोबा सिन्नर तालुक्यातून नाशिक रोडला आले. घरात त्यांच्या लग्नाची छापील पत्रिका होती. मिती फाल्गुन वद्यातील, शके १८५१. नातवाने ७८ मिळवून मार्च १९२९ असे साल काढले. तहसील कार्यालयातून थोरल्या मुलाच्या जन्माचा उतारा मिळाला, तो डिसेंबर १९२९ चा. त्या नोंदीत बापाचे नाव, जात आणि मुलगा एवढेच होते. आईचे नाव नव्हते. लग्न मार्चात, मूल डिसेंबरात. सर्व जुळले असे समजून त्यांनी वंशवृक्ष छापावयासही दिला.

तो आमच्या हाती आला तेव्हा आम्हांस फाल्गुन खटकला. फाल्गुन शके १८५१ म्हणजे मार्च १९३०. म्हणजे मूल आधी आणि लग्न मागाहून! घरातील मंडळी हे ऐकून गप्प झाली. एका वडीलधाऱ्याने आम्हांस बाजूला घेऊन विनंती केली की, साल १९२९ असेच राहू द्यावे. आता कोणाला विचारावयाचे आहे? त्यांच्या मनात काय आले असेल, हे आपण समजू शकता. आमच्याही मनात क्षणभर तेच आले, हे कबूल केले पाहिजे.

मग आम्ही ट्रंकेतील बाकीचे कागद मागितले. मोडीतील यादी निघाली. तीत वधूच्या बापाचे नाव होते आणि वराविषयी दोनच शब्द होते : ‘दुसरा संबंध’. छापील पत्रिकेत हे नव्हते. पत्रिका गावाला वाटावयाची असते, यादी दोन घरांपुरती. त्यानंतर आहेराची वही पाहिली. तिच्या पहिल्याच पानावर, वराच्या मामाच्या खाली, एक नाव आणि गाव होते. ते यादीतील वधूच्या बापाचे नव्हते, आणि पुढे लिहिले होते : ‘पहिले व्याही, लुगडे चोळी.’ म्हणजे ज्यांची मुलगी गेली होती, त्या बापाने तिच्या जागी आलेल्या मुलीला लुगडे-चोळी नेसविली होती.

मृत्यूच्या वहीत आम्ही जानेवारी १९३० पाहिला. तेथे ती सापडली : एक नाव, ‘कोम’, आणि आजोबांचे नाव. बाळ पाच आठवड्यांचे असताना ती गेली होती.

आता मार्चातील घाईचाही उलगडा झाला. घरात तान्हे मूल होते. शिवाय बालविवाह-प्रतिबंधाचा, म्हणजे शारदा कायदा १९२९ साली मंजूर होऊन १ एप्रिल १९३० पासून अमलात यावयाचा होता, आणि त्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरविले होते. शके १८५१ हे वर्ष संपले तेही त्याच सुमारास. घरातील आठवण अशी की, आजी लग्नात तेरा वर्षांच्या होत्या. तेरा वर्षांची एक मुलगी, मांडवातून उठली ती तीन महिन्यांच्या मुलाची आई होऊन. तिने त्याला असे वाढविले की, त्याच्या स्वतःच्या नातवंडांनाही तिच्यापलीकडे दुसरी कोणी होती याचा पत्ता नव्हता.

हे सर्व आम्ही त्या घरी बसून सांगत होतो. तेवढ्यात आतून एक वयोवृद्ध आत्याबाई आल्या. त्या दुसऱ्या आजींच्या धाकट्या कन्या. त्या काही न बोलता देव्हाऱ्यापाशी गेल्या आणि एक लहानसा चांदीचा टाक घेऊन आल्या. बाईची आकृती, चेहरा झिजलेला. त्या म्हणाल्या, “आई रोज याला कुंकू लावायची. विचारलं तर म्हणायची, ‘ही तुमची मोठी आई’. आम्हांला वाटे, देवीच असेल.” पहिली बायको गेल्यावर तिचा टाक करून दुसरीने तो गळ्यात घालावा किंवा देव्हाऱ्यात ठेवावा, ही चाल आपल्याकडे पुष्कळ घरांत होती. ती नोंद त्या घरात अखंड होती. रोज तिची पूजा होत होती. वाचता येणारे मात्र कोणी उरले नव्हते.

वंशवृक्षाचा छापावयास दिलेला कागद त्यांनी परत मागविला. आता त्यात थोरल्या मुलाच्या वर दोन नावे आहेत : जन्म देणारीचे आणि वाढविणारीचे. ज्या वडीलधाऱ्यांनी साल बदलू नका असे म्हटले होते, तेच पुढच्या पितृपक्षात यादी घेऊन पुरोहिताकडे गेले.

ज्ञातिबंधूंनो, या हकीकतीतून आम्ही दोन गोष्टी शिकलो. एक, शकाच्या एका अंकाची चूक ही केवळ गणिताची चूक नसते. त्या एका अंकात एक सबंध आयुष्य लपले होते. दुसरी, कागदात काही अवघड दिसले म्हणजे ते झाकण्याची आपली प्रवृत्ती होते आणि तेथेच आपण अन्याय करतो. साल झाकले असते तर ती बाई कायमची गेली असती, आणि आपण मात्र घराण्याची अब्रू राखली असे समजलो असतो.

असे झाकणे आपण ज्ञाती म्हणूनही केलेले आहे. पूर्वी आपल्यापैकी पुष्कळ घरांत पाट लागत, मोहतूर होत, सोडचिठ्ठ्या होत. विधवाविवाह कायदेशीर ठरविणारा कायदा १८५६ साली झाला; पण ज्या जातींत पाट रूढच होता त्यांना तो नवा नव्हता. पुढे आपण शिकलो, प्रतिष्ठा वाढावी असे वाटू लागले, आणि जुन्या पाटाच्या नोंदी म्हणजे जणू डाग असे मानून वंशावळींतून काढू लागलो. आम्हांस उलट वाटते. नवरा गेलेल्या मुलीला ज्या पूर्वजांनी पुन्हा घर दिले, त्यांनी लाजण्यासारखे काही केले नाही. लाज वाटावयाचीच असेल तर तेरा वर्षांच्या नवरीची वाटावी; पण तिचीही नोंद पुसू नये, कारण तिने काही अपराध केला नव्हता.

आता मंडळासमोर एक लहानशी सूचना ठेवून आम्ही रजा घेतो. मंडळाच्या वधूवर-सूचीत आणि स्मरणिकांतील अभिनंदनाच्या यादीत वर्षानुवर्षे विवाह छापले गेले आहेत. म्हणजे आपले मंडळ नकळत ज्ञातीचे विवाहदफ्तर होऊन बसले आहे. तेव्हा येत्या वर्षी प्रत्येक कुटुंबाने एक पान लिहून द्यावे. त्यावर वंशवृक्ष नको. घरात आलेल्या प्रत्येक स्त्रीचे माहेरचे नाव, तिच्या आईबापांची नावे, माहेरचे गाव, लग्नाची मिती आहे त्या शब्दांत, आणि ती कोणत्या कागदावरून, भांड्यावरून किंवा कोणाच्या तोंडून मिळाली, एवढेच लिहावे. जी गोष्ट ऐकीव आहे तिच्यापुढे ‘ऐकीव’ असे लिहावे. शकाचे इसवी सन केले असेल तर मूळ शकही ठेवावा, म्हणजे आपली चूक पुढच्याला दुरुस्त करता येईल. कागदांची छायाचित्रे मोबाईलवर घ्यावीत. पण छायाचित्र निघाले म्हणून मूळ कागद टाकू नये. आणि तरुणांपैकी दोघा-चौघांनी तरी मोडी शिकावी. शाळांतून ती १९५० च्या सुमारास गेली. आता पुराभिलेख विभागाच्या वर्गांतून आणि ठिकठिकाणच्या इतिहासप्रेमी संस्थांतून ती शिकविली जाते. काही महिन्यांच्या सरावाने घरची यादी वाचता येते, हा आमचा अनुभव आहे.

हे काम पुढच्या मेळाव्यावर टाकू नये. कागद वीस वर्षे टिकेल. तो कोणाचा, हे सांगणाऱ्या आत्याबाई टिकतीलच असे नाही. आज घरी गेल्यावर घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीपाशी बसा आणि तिला एवढेच विचारा, “तुमचं माहेरचं नाव काय होतं?” आम्ही हा प्रश्न पुष्कळ घरांत विचारला आहे. बहुतेक ठिकाणी उत्तर येण्यापूर्वी क्षणभर शांतता पसरली, कारण हे त्यांना कोणी फार वर्षांत विचारलेच नव्हते.